अठरा ग्रेन

माझी नणंद आर्डिथ कॉस्टल हिनं एकतीस वर्षं आमच्या धान्य सोसायटीच्या काट्यावर ट्रक तोलले. मक्यानं भरलेला ट्रक काट्यावर चढला की ती खिडकीतून बोट खाली दाखवायची. म्हणजे ड्रायव्हरनं उतरायचं. बसून राहिला तर त्याचं वजनसुद्धा मका म्हणून लागेल. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली तरी उतरायचं, आणि ड्रायव्हर तिचा सख्खा काका असला तरी उतरायचं. लोक पाठीमागे तिला दशांशबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि माझ्या मते मनातून आवडतही होतं.

आर्डिथ माझ्या नवऱ्याची, वर्लिनची, मोठी बहीण. सहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. प्लम हॉलो गावात आमच्या घरापासून तिसरं घर तिचं. दर रविवारी चर्च आटोपलं की आम्ही तिघं गावाबाहेरच्या क्लबवर जायचो, हवेत सोडलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीनं उडवायला. आमच्याकडे हा छंद बापाकडून पोराकडे जातो, आणि त्याच्याबरोबर तळघरातलं काडतुसं भरायचं यंत्रही. उडवलेलं काडतूस कोणी फेकत नाही. बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, वर बंदुकीची दारू, दारूवर प्लॅस्टिकचं बूच, बुचात छर्रे, आणि तोंड मुडपून टाकायचं. हिवाळ्यात शेतात काही काम नसतं, तेव्हा गावातली निम्मी तळघरं हेच करत बसलेली असतात.

या सगळ्यात नाजूक गोष्ट एकच, दारूचं माप. आम्ही वापरतो त्या काडतुसाला अठरा ग्रेन दारू लागते. एक ग्रेन म्हणजे जेमतेम अर्धी गुंज. अठरा ग्रेन तळहातावर घेतले तर चिमूटभर राखाडी पापुद्रे दिसतील, आणि फुंकर मारली तर उडून जातील. पण त्यात चार-पाच ग्रेन कमी झाले तर छर्रे धड नळीबाहेर पडत नाहीत, आणि तेवढेच जास्त झाले तर काय होईल ते बंदुकीच्या वयावर.

आर्डिथ या बाबतीत फार छळायची. भरताना टीव्ही लावायचा नाही, बिअर प्यायची नाही, फोन घ्यायचा नाही, टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. क्लबवर कुणी काडतुसांच्या गप्पा काढल्या की ती जाऊन विचारायची, किती वेळा वजन केलंस? लोक तिला पाहिल्यावर बोलणं मक्याच्या भावाकडे वळवत. आणि तिचा एक नियम होता, जो ती चर्चमधल्या प्रार्थनेसारखा म्हणायची: दुसऱ्यानं भरलेलं काडतूस उडवायचं नाही, आणि आपण भरलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही.

तो नियम माझ्यामुळे मोडला. हे आधीच सांगून टाकते.

वर्लिनच्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे झिजले होते. बंदूक तो अजून झकास चालवायचा, पण टोपी चिमटीत धरणं, बूच नेमकं बसवणं, हे दोनशे वेळा करायचं म्हटलं की रात्रभर हात शेकत बसायचा. त्या हिवाळ्यात तो बहिणीच्या मागे लागला की माझी तू भरून दे. ती नाही म्हणाली. तो रुसला. दोन आठवडे घरात जेवणाच्या टेबलावर तेच. शेवटी मी आर्डिथकडे गेले आणि म्हटलं, सख्खा भाऊ आहे, त्याला परक्यासारखं काय वागवतेस? ती म्हणाली, "पाठव त्याचं यंत्र."

तिचं स्वतःचं यंत्र बाबा आदमच्या काळचं होतं. त्यावर एका वेळी एकच काडतूस भरायचं, आणि दारू पडली की आत डोकावून बघायचं, मगच बूच. वर्लिनचं यंत्र नवं. त्याच्यावर पाच काडतुसं चक्रासारखी फिरतात, दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक तयार होऊन खालच्या बादलीत पडतं. काम चौपट वेगानं होतं. पण दारू पडलेलं काडतूस नजरेला पडायच्या आत पुढे सरकतं आणि त्याच्यावर बूच बसतं. आर्डिथला ते आवडलं नाही. म्हणून तिनं दर दहाव्याला यंत्र थांबवून दारू काढून तोलली. फेब्रुवारीत तिनं दहा खोकी भरली, अडीचशे काडतुसं. पंचवीस वेळा तोललं, पंचवीसही वेळा अठराच्या आसपास. तिनं खोकी आमच्या ओसरीत आणून ठेवली आणि वर्लिनला सांगितलं, ही फक्त तुझ्या बंदुकीसाठी. तो हो म्हणाला. तो हो फार लवकर म्हणतो.

जूनमधल्या एका रविवारी क्लबवर गुण मी मांडत होते. नेमबाज पाच, एका रांगेत. दुसऱ्या जागेवर वर्लिन, तिसऱ्या जागेवर आर्डिथ. वर्लिन "सोड" म्हणाला, मी बटण दाबलं, तबकडी सुटली, त्यानं चाप ओढला. आणि धडाम् व्हायच्या जागी फुस्स असा आवाज आला, भिजलेल्या फटाक्यासारखा. दहा पावलांवर गवतात चार छर्रे टपटपले. मी "गेली" असं ओरडले आणि कागदावर शून्य मांडलं. मला दुसरं काही सुचलं नाही. वर्लिनला तर फरक कळलाच नाही. चाळीस वर्षांच्या गोळीबारानं त्याचे कान निम्मे गेलेत, वर बुचं घातलेली. त्यानं बंदूक बिजागरीवर मोडून उघडली, रिकामं काडतूस काढलं, नवं घातलं आणि आपली पाळी यायची वाट बघत उभा राहिला.

पुढची पाळी आर्डिथची होती. तिनं बंदूक उचललीच नाही. मोडली, काडतूस काढून खिशात टाकलं आणि हात उंच केला. हात वर गेला की सगळ्यांनी बंदुका मोडायच्या, हा नियम. मग ती वर्लिनपाशी गेली, त्याची बंदूक त्याच्या हातातून घेतली, नवं काडतूस काढलं आणि नळी आभाळाकडे धरून तिच्यातून पाहिलं.

"काय चाललंय तुझं?" वर्लिन म्हणाला. "माझी लय बिघडवलीस."

"आत उजेड नाही," ती म्हणाली. "बूच मध्येच अडकलंय. दुसरं उडवलं असतंस तर नळी तुझ्या डाव्या हातात फाटली असती."

मागच्या बाकावरून कोणीतरी हसत विचारलं की दशांशबाई, हे काडतूस कोणत्या गाढवानं भरलं?

"मी," आर्डिथ म्हणाली.

मग कोणी हसलं नाही.

लाकडी काठीनं बूच बाहेर काढलं. वर्लिनच्या मते तिथं विषय संपला होता. टोपी ओली असेल, होतं कधीकधी, चला पुढे. आर्डिथनं त्याच्या कमरेची पिशवी सोडवली, त्यातली सोळा काडतुसं मोजून घेतली आणि मला म्हणाली, घरी चल.

गाडीत तिनं मला समजावलं, कारण मलाही उमगलं नव्हतं. टोपी ओली असती तर आवाजच झाला नसता. दारू कमी पडली होती, निम्मीच. पण यंत्र तर दर वेळी अठरा ग्रेनच सोडतं. मग उरलेले नऊ कुठे गेले? दारू खाली सोडणाऱ्या वरच्या नळकांड्यात अडकले, आणि पुढच्या ओढीला अठरांबरोबर खाली आले. म्हणजे या अडीचशेंत एक काडतूस असं आहे, ज्यात सत्तावीस ग्रेन आहेत.

"उडवलेल्यांत असेल ते," मी म्हटलं.

"असेल. नसेलही."

काडतुसं बादलीत पडली होती आणि तिथून हाताला येतील तशी खोक्यांत भरली होती, त्यामुळे क्रमाचा काही उपयोग नव्हता. अख्खं काडतूस तोलूनही कळणार नव्हतं. छर्‍यांच्याच वजनात दहा-बारा ग्रेनचा फरक सहज पडतो, नऊ ग्रेन त्यात लपून जातात. एकच मार्ग, चिरून बघायचं. वर्लिननं चार खोकी आधीच उडवली होती. कुठलं एखादं जास्त दणकलं का, असं तिनं विचारलं तर तो म्हणाला, बंदूक आहे, उशी नाही, सगळीच दणकतात. ओसरीत तीन खोकी होती, ती तिनं उचलली. वर्लिन दारात आडवा उभा राहिला. पुढच्या महिन्यात राज्याची स्पर्धा होती आणि याच काडतुसांवर त्याचा हात बसला होता. त्यानं तिला काय काय सुनावलं ते मी लिहीत नाही. ती त्याच्या काखेखालून निघून गेली.

दुपारभर आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसलो. मी चाकूनं काडतुसाचं पोट चिरायची, छर्रे एका भांड्यात, बूच दुसऱ्यात, आणि दारू तिच्या काट्यावर. सोळा आणि पंच्याहत्तर, एक्क्याण्णव. सगळ्यात कमी सतरा पूर्णांक सात, सगळ्यात जास्त अठरा पूर्णांक तीन. यापेक्षा सारखं माप माणसाच्या हातून होत नाही. आणि एवढ्या चांगल्या मापावर इतकं चिडलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. शेवटचं तोलून झाल्यावर तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"शितावरून भाताची परीक्षा केली मी," ती म्हणाली. "भात सगळा एका आचेवर शिजतो म्हणून एक शीत चालतं. इथे प्रत्येक शीत वेगळं शिजतं, हे मला कळू नये?"

मग तिनं हिशेब लावला. चार खोकी उडवलेली, एक आज उघडलेलं, तीन ओसरीतली. आठ झाली. बाकीची दोन?

वर्लिन म्हणाला, उडवली. त्याचा चेहरा मला तीस वर्षांत चांगला वाचता येतो. त्यानं ती दोन खोकी ईस्टरला गेलेन ओबरमायरला दिली होती, धुरात वाळवलेल्या सॉसेजच्या बदल्यात. ते सॉसेज मीच तळलं होतं. मी आर्डिथला सांगितलं. वर्लिन त्या संध्याकाळी माझ्याशीही बोलला नाही.

गेलेन चाळीस मैलांवर राहतो. डुकरं पाळतो, स्वभावानं चांगला, पण एकदा नाही म्हटलं की नाही. आर्डिथनं सोमवारी फोन केला. तो म्हणाला, मी दहा उडवली, उत्तम आहेत, उरलेली बुधवारी क्लबच्या सामन्यात उडवीन. तिनं पुन्हा सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाई, मी तुमच्या भावाकडून घेतलीत, तुमच्याकडून नाही. मंगळवारी तिनं पुन्हा केला, तर त्याच्या बायकोनं उचलला आणि गोठ्यात आहे म्हणून ठेवून दिला. त्यातून गेलेन वापरतो ती त्याच्या आजोबांची दुनळी, कागदासारख्या पातळ नळ्यांची. वर्लिनच्या बंदुकीनं सत्तावीस कदाचित सोसले असते.

बुधवारी चार वाजता सामना सुरू होणार होता. रस्त्याचं काम चालू होतं, आम्ही पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. गेलेन रांगेत उभा होता, चौथ्या जागेवर, आणि कमरेच्या पिशवीतून काडतूस काढत होता. आर्डिथ गुण मांडणाऱ्या माणसाकडे गेली आणि सामना थांबवा म्हणाली. तो म्हणाला, ही फेरी संपू द्या, पंधरा मिनिटं. ती म्हणाली, पंधरा मिनिटं नाहीत. तो म्हणाला, बाई, रेषेच्या मागे उभ्या राहा.

ती मागे गेली. मला वाटलं, हरली. पुढच्याच क्षणी गेलेन "सोड" म्हणाला आणि काही सुटलं नाही. तो पुन्हा म्हणाला. पुन्हा नाही. सगळे वळून बघू लागले. क्लबच्या खोलीच्या भिंतीपाशी आर्डिथ उभी होती आणि तबकड्या फेकणाऱ्या यंत्राची तार तिच्या हातात होती, प्लगसकट उपसलेली.

शिव्या फार झाल्या. दोन माणसं तिच्याकडे धावली, पण साठीतल्या बाईच्या हातून तार ओढून कशी घ्यायची हे त्यांना सुचेना. ती म्हणाली, गेलेनच्या पिशवीतली आणि गाडीतली काडतुसं या टेबलावर आली की तार परत. शेवटी गेलेनच वैतागून आला आणि पिशवी आणि गाडीतलं खोकं टेबलावर आपटलं. सदतीस होती. म्हणजे आम्ही रस्त्यात असताना त्यानं आणखी तीन उडवली होती.

तिनं काटा घरून आणला होता. वारा लागू नये म्हणून मी गाडीतला कोट आडवा धरून उभी राहिले. ती चिरायची, तोलायची, आकडा मोठ्यानं म्हणायची. अठरा. अठरा पूर्णांक एक. सतरा पूर्णांक आठ. लोकांना पहिल्या दहापर्यंत उत्सुकता होती. विसाव्यानंतर ते बिअर आणायला गेले. कोणीतरी म्हणालं की या बाईला कुणीतरी घरी सोडा. मलाही, खरं सांगते, लाज वाटायला लागली होती.

एकोणतिसावं काडतूस चिरलं तेव्हा तोलायची गरज नव्हती. दारू वाटीच्या काठापर्यंत आली. तिनं तरी तोलली. सव्वीस पूर्णांक नऊ. मग तिनं एक अठराचा ढीग आणि त्याच्याशेजारी हा ढीग, असे कागदावर मांडले आणि कागद गेलेनपुढे सरकवला.

गेलेननं दोन्ही ढिगांकडे बराच वेळ पाहिलं. मग आपल्या आजोबांच्या बंदुकीकडे पाहिलं.

"कदाचित टिकली असती," तो म्हणाला.

आर्डिथनं उरलेली आठही चिरली. त्यांत काही नव्हतं. तिनं तार स्वतः परत लावली, सगळी दारू डब्यात भरली, टेबल पुसलं. आभार कुणी मानले नाहीत. परत येताना वीसेक मैलांवर तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. दोन्ही बाजूंना गुडघाभर मका.

"मी त्याला मारलं असतं, डार्लिस," ती म्हणाली. "भावाला नाही तर त्याला."

मी म्हटलं, तूच तर वाचवलंस. तिनं ते ऐकलंच नाही.

पुढच्या आठवड्यात गेलेनच्या क्लबचं पत्र आलं. सामना चालू असताना यंत्राशी छेडछाड केल्याबद्दल आर्डिथ कॉस्टल यांना वर्षभर क्लबवर बंदी. सव्वीस ग्रेनबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. ती पत्र घेऊन आमच्याकडे आली, वर्लिननं वाचलं आणि बरं झालं म्हणाला. जुलैत तो दुकानातली काडतुसं घेऊन स्पर्धेला गेला आणि शंभरातल्या एकोणीस तबकड्या चुकवून आला. मागच्या वर्षी सहा चुकल्या होत्या. त्यानं ते बहिणीच्या नावावर मांडलं आणि तिच्याशी बोलणं सोडलं. दोन घरं सोडून राहणारी दोन माणसं, चर्चमध्ये एकाच बाकावर, आणि मध्ये मी.

पण आर्डिथला ना बंदीचं दुःख होतं ना अबोल्याचं. तिला एकच गोष्ट खात होती, की हे झालं कसं. तिनं उन्हाळाभर ते यंत्र छळलं. काडतूस न लावता नुसतीच दारू काट्याच्या वाटीत सोडायची आणि प्रत्येक ओढ तोलायची. दहातली एक नाही, प्रत्येक. जूनमध्ये दोनशे, जुलैत तीनशे, ऑगस्टमध्ये आणखी. एकदाही चूक नाही. तिनं दारूचं माप ठरवणारी गोल कडी बदलून पाहिली, वरची दारूची बाटली अर्धी भरून पाहिली, पाव भरून पाहिली. दांडा हळू ओढला, जोरात ओढला, मध्येच थांबवला. कंपनीला फोन केला, तर तिथला माणूस अर्धा तास धरून ठेवून म्हणाला, मॅडम, तुमचा हात सारखा पडत नसेल. तिनं फोन ठेवला आणि माझ्यासमोर रडली. एकतीस वर्षं काट्यावर बसलेल्या बाईला कुणी हात सारखा पडत नाही म्हणावं, हे तिला त्या सव्वीस ग्रेनपेक्षा जास्त लागलं.

"चूक सापडली तर ती दुरुस्त करता येते," ती मला म्हणाली. "न सापडणाऱ्या चुकीचं काय करायचं? तिच्याबरोबर राहायचं?"

मी म्हटलं, सोडून दे आता. ते मी त्या वर्षी निदान पन्नास वेळा म्हटलं असेन, आणि प्रत्येक वेळी ती माझ्याकडे असं बघायची, जणू काट्यावर ट्रकमधून न उतरणारा ड्रायव्हर मीच.

जानेवारीत थंडीची लाट आली. तळघरातली घर तापवायची भट्टी दिवसरात्र धडधडत होती, घरातली हवा इतकी कोरडी झाली होती की दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी उडायची. एका सकाळी आर्डिथ लोकरीचा स्वेटर डोक्यावरून काढत होती, केस चटचट करत उभे राहिले, आणि ती तशीच उभी राहिली, एक बाही हातात, असं तिनं मला नंतर सांगितलं. तिला आठवलं की भावाचं यंत्र घरी आलं तेव्हा ते इतकं घाण होतं की तिला बघवलं नव्हतं. म्हणून तिनं बाटली आणि नळकांडं भांड्याच्या साबणानं धुतलं होतं, आणि पाण्याचा थेंब राहू नये म्हणून लोकरीच्या जुन्या मोज्यानं घासघासून कोरडं केलं होतं. तेव्हाही हवा अशीच कोरडी होती, आणि घासलेल्या नळकांड्याला स्वेटरसारखीच वीज चढली असणार.

तिनं मला फोन केला. मी पोचले तेव्हा ती नळकांडं मोज्यानं घासत होती. मग तिनं यंत्र जोडलं आणि ओढायला लागली. मी आकडे वाचत होते. अठरा. अठरा. अठरा पूर्णांक दोन. त्रेचाळीस ओढींपर्यंत काही नाही. चव्वेचाळिसावी नऊ पूर्णांक चार. मी थांबले. ती म्हणाली, वाच. पंचेचाळिसावी सव्वीस पूर्णांक सहा. नळकांड्याच्या आतल्या बाजूला राखाडी पापुद्रे लोहचुंबकाला लोखंडाचा कीस चिकटावा तसे चिकटून बसले होते.

मला वाटलं ती आनंदानं उडी मारेल. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "वर्लिनला बोलाव."

वर्लिन यायला तयार नव्हता. मी त्याला सांगितलं की नाही आलास तर आजपासून जेवणही तिकडेच कर, जिथे ते सॉसेज मिळतं. तो आला, टोपी न काढता तळघराच्या पायरीवर उभा राहिला. आर्डिथनं त्याच्यासमोर पुन्हा ओढायला सुरुवात केली. या वेळी सत्तर ओढी लागल्या. मध्ये त्यानं दोनदा घड्याळ बघितलं. मग काटा आठवर थांबला आणि पुढच्या ओढीला सत्तावीसच्या वर गेला. वर्लिन खाली उतरून आला, नळकांडं उजेडात धरलं, बोट घातलं, बोटाला चिकटलेली दारू पाहिली.

"म्हणजे तू धुतलंस म्हणून झालं," तो म्हणाला. "मी ते यंत्र सहा वर्षांत एकदाही धुतलं नाही."

"हो," आर्डिथ म्हणाली. "माझी चूक. तुझा हात गेला असता, वर्लिन, आणि तो माझ्या स्वच्छतेनं गेला असता."

मी वाट बघत होते की तो काहीतरी टोचून बोलेल. त्याला संधी होती. सात महिने तो तिच्यावर खार खाऊन होता. तो फक्त म्हणाला की या यंत्रावर तरी आत बघायला जागा कुठाय, असलं काही होणारच होतं, आज नाहीतर उद्या. आर्डिथच्या बाबतीत याहून मऊ काही त्याच्या तोंडून मी तरी ऐकलेलं नाही.

तिनं त्याला सांगितलं की यापुढे ती कुणाचीही काडतुसं भरणार नाही. त्याची तर नाहीच. तो म्हणाला, मग मी काय करू, माझे अंगठे तर बघ. त्यावर पुन्हा अर्धा तास भांडण. शेवटी असं ठरलं की नवं यंत्र विकून टाकायचं, आणि तिच्या जुन्या यंत्रावर त्यानं स्वतः भरायचं. दांडा तो ओढेल, तळहातानं ओढता येतो. टोपी आणि बूच ती लावेल. आणि बूच लावायच्या आधी प्रत्येक काडतुसात आधी ती बघेल, मग तो बघेल.

फेब्रुवारीपासून ते दर शनिवारी सकाळी तिच्या तळघरात बसतात. मी घरून कॉफी आणि कोलाची, म्हणजे जॅम भरलेले गोड पाव, घेऊन जाते, पण भरून होईपर्यंत टेबलापाशी न्यायची मला परवानगी नाही. तासाला तीस काडतुसं होतात. वर्लिन म्हणतो, दुकानात जाऊन यायलाही यापेक्षा कमी वेळ लागतो. पहिल्या शनिवारी त्यानं अकराव्या काडतुसात न बघताच दांड्याला हात घातला, तिनं त्याच्या मनगटावर फटका मारला, तो ताडकन उठून घरी निघून आला. मी म्हटलं, आता? त्यानं स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या, एक कोलाची खाल्ली, चष्मा शोधला आणि परत गेला.